गाळलेली सात मिनिटं

रत्नागिरी,
३ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
वैष्णवीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, आप्पा बरे आहेत. फोनवर बोलण्यासारखं नाही म्हणून लिहितेय. आपलं घर दोन खोल्यांचं. आप्पा दिवसभर पडवीत, आणि ब्याऐंशीव्या वर्षी गुडघे गेले तरी कान मांजराचे. दुकानातून बोलावं तर गिऱ्हाईकं समोर. मोबाइलवर लिहावं तर सकाळी भजनं ऐकायला माझाच मोबाइल त्यांच्या हातात असतो आणि मधे जे येईल ते वाचून काढतात. तू उत्तर दुकानाच्या पत्त्यावरच धाड. आमसुलांच्या बरण्यांमागे पत्र सुरक्षित राहतं.

गोष्ट अशी की परवा राही दुकानात आली होती. राही म्हणजे येसूबाईंची नात, शिवाकाकांच्या मुलीची मुलगी. एकवीस वर्षांची आहे. तिने आणि तिच्या मैत्रिणींनी इथे चित्रपट मंडळ काढलंय. रविवारी चौदा डिसेंबरला ते एका दिवसात तिन्ही चित्रपट दाखवणार आहेत: ‘मचव्याचा धनी’, ‘मचव्याची वाट’ आणि ‘मचवा परतला’. पत्रकावर मोठ्या अक्षरात छापलंय की मधला चित्रपट पूर्ण लांबीचा, पहिल्या प्रिंटवरून केलेला, गावात कधीच न दाखवलेला. राही म्हणाली, आजीला मी घेऊन जाणार आहे. तुम्हाला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं. पोरगी चांगली आहे दादा. तेच मला जड गेलं.

मी तेव्हा सहा वर्षांची होते, त्यामुळे माझ्याकडे जे आहे ते सगळं ऐकीव. आपल्या वाडीच्या खाडीत शूटिंग चाललेलं, वादळाचा प्रसंग. हिरोचा सदरा घालून, पाठमोरे, मचवा चालवत होते आप्पा. मागे दोराने बांधलेल्या होडीत शिवाकाका. खाडीच्या तोंडाशी खरंच उधाण आलं, होडी उलटली आणि शिवाकाका गेले. वाडी म्हणाली की भिकाजी तांडेलाने आपला जीव वाचवायला कोयतीने दोर तोडला. आप्पा हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. पुन्हा सुकाणूला हात लावला नाही. आपल्याला घेऊन शहरात आले आणि बर्फाच्या कारखान्यात रखवालदार झाले. येसूबाईंनी एकोणचाळीस वर्षं आपल्या माणसांकडे मान वळवून बघितलेलं नाही. बाजारात मी दिसले तर त्या दुसऱ्या टोपलीकडे जातात.

तुझ्याकडे या चित्रपटांच्या सगळ्या कॅसेटी आणि डिस्का आहेत. ज्ञानेश्वरीवहिनी म्हणते न्हाणीच्या माळ्यावरही जागा उरलेली नाही. मला एवढंच सांग, पूर्ण लांबीत असं काय आहे जे आपण आजवर बघितलेलं नाही? अख्खी वाडी जाणार आहे बघायला.

वहिनीला नमस्कार. आहे ती माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
वैशू

*

कळवा,
९ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. वैष्णवीस,
गुरुप्रसादाचे अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या वहिनीने अतिशयोक्ती केली आहे. माळ्यावर फक्त बंगाली आणि जपानी आहेत. बाकी सगळे संच कपाटात, नीट, तीन-तीनचे. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला एवढा एक छंद असावा. मला तीन भागांचेच चित्रपट का लागतात असं लोक विचारतात. मी सांगतो की पहिल्या भागात जे घडतं त्याची भरपाई तिसऱ्यात होते की नाही हे बघायला आवडतं. हे उत्तर लोकांसाठी आहे. खरं उत्तर पुढे कधीतरी.

आता तुझा प्रश्न. ‘मचव्याची वाट’ माझ्याकडे तीन तऱ्हांनी आहे. अठ्ठ्याऐंशी सालची व्हिडिओ कॅसेट एकशे अठरा मिनिटांची. पुढे व्हीसीडी निघाली, दोन चकत्यांवर, ती एकशे दहा. दुसरी चकती तर वाक्याच्या मध्यातच सुरू होते. मग डीव्हीडीचा संच आला. चित्र स्वच्छ, पण मिनिटं पुन्हा एकशे अठरा, आणि उजव्या कोपऱ्यातला ओरखडा कॅसेटमध्ये जिथे आहे तिथेच. म्हणजे दोन्ही एकाच प्रिंटवरून केलेल्या. पण या सगळ्यांच्या सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसतं, त्यावर लांबी आहे तीन हजार पाचशे पंचाहत्तर मीटर. त्याची मिनिटं होतात एकशे तीस. कॅसेट भरताना चित्र जरा वेगाने पळतं, सेकंदाला चोवीसच्या जागी पंचवीस, म्हणून एकशे तीसची एकशे पंचवीस होणं ठीक. त्यात काही कापलेलं नसतं. एकशे अठरा मात्र होत नाहीत. सात मिनिटं गाळलेली आहेत.

कुठून गाळली तेही मला माहीत आहे. तिन्हींत त्या जागी आप्पांची पाठ दिसते, मग एक काळी लाट, आणि मग एकदम शांत पाणी.

पहिली प्रिंट मुंबईत आठवडाभर चालली, नंतर निर्मात्यांनी कापली. रत्नागिरीला आली ती कापलेली. पण त्या आठवड्यातल्या प्रिंटवरून आखातात विकायला कॅसेटी भरल्या होत्या. मी पंचवीस वर्षं एक शोधतोय. गेल्या महिन्यात आमच्या संग्राहकांच्या ग्रुपवर सावर्ड्याच्या दीपकने यादी टाकली. हायवेलगत त्याची व्हिडिओ लायब्ररी होती, भाऊ मस्कतला होता. त्याच्याकडे ती कॅसेट आहे. तो पोस्टाने पाठवत नाही, हातातच देतो म्हणतो. तू जाऊन आण आणि मला पाठव. कुठल्याही मशीनमध्ये घालू नकोस. बुरशी असली तर फीत तुटेल.

चौदा तारखेच्या आधी आपल्याला कळलं पाहिजे.

आमच्या भाच्याला, सुजयला, आशीर्वाद. गणपतीपुळ्याच्या हॉटेलात सुट्टी मिळते का त्याला?
लोभ आहे तो वाढता राहो.
तुझा,
दादा

*

रत्नागिरी,
१७ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सावर्ड्याला जाऊन आले. दीपक साठीचा माणूस आहे, आता प्लायवुड विकतो. कॅसेट काढून दिली आणि पैसे घेईना. म्हणाला की तुझ्या दादाइतकी चौकशी आजवर कुणी केली नाही. वरचं कव्हर दुबईतल्या कुठल्याशा दुकानाचं, हिरोचं नाव चुकलेलं. फितीच्या कडेला पांढरी बुरशी आहे, पावावर येते तशी.

येताना गाडीत ती मांडीवर घेऊन बसले होते. सुकं खोबरं उचलावं तेवढंच वजन. शास्त्री नदीच्या पुलावर आले आणि मनात आलं की खिडकीतून टाकून द्यावी. खोटं कशाला सांगू, हात खिडकीपर्यंत गेला होता. शेजारच्या बाईने विचारलं की उलटी येतेय का, आणि मी हात आत घेतला.

आता ती तांदळाच्या डब्यात आहे आणि तिथेच राहू दे असं मला वाटतंय. तुला सात मिनिटं हवी आहेत. तुझ्या संचाला कमी पडतात म्हणून. माझ्याकडे एक म्हातारा माणूस आहे, जो कुळथाची पिठी आणि भात खाऊन दुपारी भिंतीकडे तोंड करून झोपतो आणि झोपेत दोन्ही मुठी वळतो. तुला ते माहीत नाही. तू अठराव्या वर्षी गेलास तो गेलासच. गणपतीला दीड दिवस येतोस. आप्पांशी बोलतोस ते पाऊसपाण्याचं. मी तुला कधी विचारलं नाही की असं का, पण आज विचारते.

समज, त्यात दिसलं की खरंच आप्पांनी तसं केलं, तर मी त्यांच्या पानात भात कुठल्या हाताने वाढू? न बघता वाढता येतो. इतकी वर्षं वाढला.

आणि प्रदर्शनात ते दिसणारच आहे हे तू लिहू नकोस. मला समजतं ते. राहीला सांगून बघेन म्हणते.

काल आप्पांनी विचारलं की सावर्ड्याला काय काम होतं. मी कुणालाच सांगितलं नव्हतं. माझ्या पिशवीत एसटीचं तिकीट सापडलं म्हणाले. मी पोह्यांचं काहीतरी सांगितलं. त्यांनी तिकिटाची घडी घालून ते पानाच्या डब्यात ठेवलं.

रागावले असले तरी तुझीच,
वैशू

*

कळवा,
२१ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. वैशूस,
अ. उ. आ. वि. वि.

तू विचारलंस ते बरोबरच आहे. उत्तर देतो. ते वाचून मग काय ते ठरव.

त्या दिवशी मी किनाऱ्यावर होतो. अकरा वर्षांचा. शूटिंग बघायला सगळी वाडीच आली होती, पण मी पुढे, कातळाच्या टोकाला गेलो होतो. होडी मला दिसत नव्हती, ती लाटेआड होती. मचवा दिसत होता. आप्पा मागच्या बाजूला वाकले आणि सरळ झाले तेव्हा त्यांच्या हातात कोयती होती. ती खाली आली. एवढंच मी पाहिलं.

संध्याकाळी लोक येसूबाईंच्या अंगणात जमले होते. कुणीतरी म्हणालं की दोर कसा तुटला असेल, नवा होता. मी म्हणालो, आप्पांनी तोडला. मोठ्याने म्हणालो. सगळे माझ्याकडे वळले तो क्षण मला अजून दिसतो. आपल्याच मुलाने सांगितलं म्हटल्यावर दुसरी साक्ष कशाला लागते? वाडीने जे ठरवलं ते माझ्या तोंडून ठरवलं, वैशू. आप्पांनी मला कधी एका शब्दाने विचारलं नाही. त्यांच्यासमोर बसलो की मला ते अंगण आठवतं, म्हणून पाऊसपाण्याचं बोलतो.

त्या चित्रपटाची प्रत्येक कॅसेट, प्रत्येक चकती मी घेत गेलो ती त्या एका जागेसाठी. कोयतीच्या आधी काय झालं हे कुठेतरी असेल म्हणून. बाकीचे संच नंतर आले. एकच घेत राहिलो असतो तर तुझ्या वहिनीने कारण विचारलं असतं.

कॅसेट पाठव. मी खरं बोललो की अर्धवट, ते मला बघायचं आहे. यापेक्षा जास्त मागत नाही.

तुझा,
दादा

*

रत्नागिरी,
२५ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
न. वि. वि.

सोबत पार्सल. जुन्या टॉवेलात गुंडाळली आहे, टॉवेल परत नको. तुझं पत्र चारदा वाचलं आणि दुकानाच्या मागे जाऊन रडले. अकरा वर्षांचा होतास रे.

पण एक बजावून ठेवते. जे असेल ते आधी मला कळव. दुसऱ्या कुणाला नाही.

वैशू

*

कळवा,
२ डिसेंबर २०२५

चि. सौ. वैशूस,
अ. उ. आ. वि. वि.

कॅसेट मिळाली त्याच दिवशी उघडली. पाच स्क्रू काढले, फितीची चाकं नव्या खोक्यात बसवली, हाताने गुंडाळत मऊ कापडाने बुरशी पुसली. तीन संध्याकाळी गेल्या. मग एकदाच चालवली आणि चालतानाच संगणकावर उतरवून घेतली. एकशे पंचवीस मिनिटं. पूर्ण आहे.

लिहिणं कठीण जातंय, तरी आहे तसं लिहितो.

गाळलेल्या भागात बरंचसं मचव्यावरचं आहे, पाणी, धावपळ, शीड. शेवटी एक दृश्य येतं, ते खाडीपलीकडच्या किनाऱ्यावरच्या कॅमेऱ्याने दुरून घेतलेलं. ते मधे कुठेही तोडलेलं नाही, म्हणून त्यात मागचंपुढचं करता आलेलं नाही. डावीकडे मचवा, उजवीकडे होडी, मधे ताणलेला दोर. होडी अर्धी भरलेली आहे. शिवाकाका तिच्यात उभे राहतात. दोन्ही हात डोक्यावर नेतात, मनगटं एकमेकांवर आपटतात, हात पसरतात. पुन्हा तेच. पुन्हा. आवाज येत नाही, वरून संगीत भरलं आहे. मचव्यावर सात माणसं काठाला धरून आडवी पडलीत. आप्पा सुकाणू दुसऱ्याच्या हातात देऊन मागे येतात. दोर धरतात. होडीकडे बघतात. शिवाकाका हात करतच आहेत. मग आप्पा वाकतात आणि कोयती उचलतात.

पहिल्यांदा हात वर झाल्यापासून कोयती पडेपर्यंत चौतीस सेकंद. कॅसेटचा वेग धरला तर खरे पस्तीस. हे मी मोजलं, आणि मोजताना मला माझी किळस आली.

चौतीस सेकंद एक माणूस मदतीसाठी हात करत होता. आप्पा बघत होते. मग त्यांनी दोर तोडला. मी अंगणात जे बोललो ते खरं होतं, खऱ्यापेक्षा कमीच होतं.

येसूबाईंनी हे बघू नये. मोठ्या पडद्यावर तर नकोच. राहीला भेट, सांग की मधला चित्रपट रद्द करा, किंवा डीव्हीडीवरचा दाखवा. माझी डीव्हीडी देतो. आप्पांना काही सांगू नकोस.

तुझा,
दादा

*

रत्नागिरी,
८ डिसेंबर २०२५

ती. दादास,

नमस्कार. तुझं पत्र आप्पांनी वाचलं.

शुक्रवारी मी माल आणायला गेले होते, दुकान बंद. पोस्टमन नवा आहे, त्याने कुणालातरी घर विचारलं आणि पडवीत बसलेल्या माणसाच्या हातात पाकीट दिलं. पाठीमागे तुझं नाव. तुझ्या अक्षरातलं पत्र या घरात किती वर्षांनी आलं असेल? त्यांनी ते फोडलं. मी आले तेव्हा घड्या घालून पानाच्या डब्याखाली ठेवलेलं होतं आणि ते भिंतीकडे तोंड करून पडले होते.

त्या दिवशी जेवले नाहीत. शनिवारी चहा घेतला. मी पायाशी बसून म्हटलं, आप्पा, काहीतरी बोला. तर म्हणाले की गुरू लहानपणापासून खोटं बोलत नाही. 

काल दुपारी अडीचला मी भांडी घासून बाहेर आले तर पडवी रिकामी. काठी नाही, चपला नाहीत. दादा, मी धावत सुटले. आधी जेट्टीवर गेले. मग खाडीच्या कडेने भाट्याच्या पुलापर्यंत, दिसेल त्याला विचारत. पुलावरून खाली पाण्याकडे बघायचा मला धीर होईना. सुजयला फोन केला, तो पुळ्याहून मोटरसायकल काढून निघाला. मी तोंडाने काय बडबडत होते मला आठवत नाही. तुला शिव्या देत होते एवढं आठवतं.

चारला राहीचा फोन आला. आप्पा तिच्याकडे होते. रिक्षा करून सभागृहाचा पत्ता विचारत गेले होते. तिथे मुली खुर्च्या मोजत होत्या. त्यांनी राहीला सांगितलं की माझी मुलगी येऊन तुला सिनेमा रद्द करायला सांगेल, तिचं ऐकू नकोस. एक अक्षर कापू नकोस. आणि येसूचे गुडघे दुखतात, तिला पुढे हाताची खुर्ची दे. मग म्हणाले, मला मागे दाराजवळ चालेल. राही सांगत होती की त्यांना धड उभं राहवत नव्हतं, पण बसा म्हटलं तर बसले नाहीत.

घरी आणल्यावर मी ओरडले त्यांच्यावर. लहान पोराला ओरडावं तशी. त्यांनी ऐकून घेतलं आणि पेज मागितली.

तू रविवारी ये. तू लिहिलंस ते तुझ्या तोंडाने त्यांच्यासमोर म्हण, किंवा म्हणू नकोस, पण ये.

वैशू

*

कळवा,
११ डिसेंबर २०२५

चि. सौ. वैशूस,
अ. उ. आ. वि. वि.

शनिवारच्या गाडीचं तिकीट काढलं होतं. आज रद्द केलं. वाडी सगळी बसलेली असेल, दिवे लागतील, आणि लोक आधी आप्पांकडे बघतील आणि मग माझ्याकडे. तो प्रकार मला दुसऱ्यांदा जमणार नाही. मला भेकड म्हण.

आप्पांना काही झालं तर मला लगेच कळव.

दादा

*

रत्नागिरी,
१६ डिसेंबर २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच. वहिनीलाही वाचून दाखव.

पहिला चित्रपट सकाळी झाला, त्याला आम्ही नव्हतो. मधला दुपारी दोनला. आप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला. शेवटच्या रांगेत दाराजवळ ते, मी आणि सुजय. वाडीची माणसं दोन रांगा भरून. कुणी वळून बघितलं, कुणी नाही. येसूबाई सगळ्यात पुढे हाताच्या खुर्चीत, राही त्यांच्या पायाशी जमिनीवर.

तू लिहिलंस ते सगळं तसंच आलं. मी ते दृश्य सुरू झाल्याबरोबर खाली बघणार होते, पण बघत राहिले. पडदा एवढा मोठा की शिवाकाकांचं तोंडही दिसत होतं. कोयती खाली आली तेव्हा सभागृहात कुणीतरी हाय केलं. आप्पांनी माझं मनगट धरलं होतं, अजून हिरवं आहे.

आणि येसूबाई उभ्या राहिल्या. काठी आपटून त्यांनी राहीला सांगितलं की थांबव, परत लाव. राही रडत होती, नको आजी म्हणत होती. त्यांनी पुन्हा काठी आपटली. मागे नेऊन परत लावलं. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा त्या पडद्याकडे पाठ करून लोकांकडे वळल्या, काठी सोडून दिली, आपले दोन्ही हात डोक्यावर नेले, मनगटं एकमेकांवर आपटली आणि हात पसरले. पडद्यावर शिवाकाका करत होते तेच. आणि म्हणाल्या की, हे काय आहे, विसरलात का सगळे? तो ‘सोड’ म्हणतोय. दोर सोड, माझं मी बघतो.

दादा, ती खूण होती. मागच्या होडीतली हाक वाऱ्यात पोचायची नाही, म्हणून हाताने करायची. जाळं खडकात अडकलं, होडी पाण्याने भरली आणि मचव्याला आडवं ओढायला लागली, की मागचा तांडेल अशी खूण करायचा. वाडीतले दोघे-तिघे म्हातारे लगेच हो हो म्हणायला लागले. एकाने तर आपलेही हात वर केले. आता सगळ्यांकडे वायरलेस आहे, ती खूण कुणी शिकवत नाही. आपल्या बाजूच्या किनाऱ्यावरून होडी कुणाला दिसलीच नव्हती, त्यामुळे खूणही दिसली नव्हती. तुला कशी कळणार? मलाही कळली नसती. आपण कधी मासेमारीला गेलोच कुठे?

मी तिथेच तुझा हिशेब उलटा मांडला. चौतीस सेकंद शिवाकाका सोड म्हणत होते आणि चौतीस सेकंद आप्पा सोडत नव्हते. तू लिहिलंस की त्यांनी दोर धरला. त्यांनी दोर ओढला दादा, मोठ्या पडद्यावर दिसतं, पाय लावून ओढला. होडी हलली नाही.

मग येसूबाईंनी विचारलं, भिकाजी कुठाय. मी आप्पांना धरून पुढे नेलं. ती वाट केवढी लांब वाटली. मला वाटलं आता त्या पाया पडतील, नाहीतर माफी मागतील. त्यांनी तसलं काही केलं नाही. त्या रागावल्या. म्हणाल्या, इतका वेळ का लावलास? सात माणसं होती तुझ्या मचव्यावर, ती पण गेली असती. शिवाने एकदा सांगितलेलं तुला पुरायला हवं होतं. आप्पा म्हणाले, हात होईना. त्यांनी राहीकडून पडलेली काठी मागून घेतली. मग म्हणाल्या की मला सगळ्यांनी सांगितलं होतं तो ओरडत गेला. रोज मी ते ओरडणं ऐकलंय. आणि हा बघ, हा तर उभा राहून आपलं काम करत होता.

तिसरा चित्रपट कुणी धड बघितला नाही.

आप्पा घरी येऊन झोपले ते सकाळी आठला उठले. आज त्यांनी कागद मागितला आहे. काय लिहितात मला दाखवत नाहीत.

तुझ्यावरचा राग संपला असं म्हणवत नाही, पण माया त्याच्याहून जुनी आहे.
वैशू

*

रत्नागिरी,
१९ डिसेंबर २०२५

चि. गुरुप्रसाद यास,
आप्पांचे आशीर्वाद.

हात थरथरतो, चार दिवस लिहितोय. समजून वाच.

तू अंगणात काय बोललास ते मला त्याच दिवशी कळलं होतं. तू बघितलंस तेच बोललास. कोयती माझ्या हातात होतीच. खोटं बोलला असतास तर कानाखाली मारली असती. खरं बोलल्यावर काय मारणार? तुला वाटलं मी रागावलो. मला वाटलं तुला माझी लाज वाटते. दोघे गप्प राहिलो.

शिवाने सोड म्हटलं, हे मी तेव्हाच का नाय सांगितलं, असं वैशू विचारते. कुणाला सांगणार? सांगणारा मी, आणि साक्षीदार बुडालेला. शूटिंगची माणसं डोळे मिटून पडली होती, सुकाणू धरलेला पुढे लाटेकडे बघत होता. दुसऱ्या दिवशी गाड्या भरून गेली. येसूच्या दारात जाऊन, तुझ्या नवऱ्यानेच मला सांगितलं, असं बोलायला तोंड हवं. माझ्याकडे नव्हतं.

तू चौतीस मोजलेस की पस्तीस, ते तुझं तू बघ. यंत्र सुरू व्हायच्या आधीपासून तो सांगत होता. किती वेळ, ते मला माहीत आहे. तुला सांगणार नाय. तू ते कुठल्या कॅसेटीत शोधूही नकोस.

त्याने सोड म्हटलं म्हणून सोडायचं असतं का, हे मला अजून कळलेलं नाय. येसू म्हणते असतं. ती म्हणते म्हणून मी धरून चालतो.

अठ्ठावीसला रविवारी तिने जेवायला बोलावलंय. वाडीत जायचा साकव अरुंद आहे, कठडा नाय. वैशू धरीन म्हणते, पण ती हलकी, मी घसरलो तर तिला घेऊन पडेन. सुजयला सुट्टी नाय. तू ये. शनिवारी रात्रीची गाडी धर, ती पहाटे हातखंब्याला सोडते, तिथून रिक्षा मिळते.

मी आंघोळ करून, सदरा घालून पडवीत बसलेला असेन.

आप्पा